उतरण आधी, चढण नंतर : ज्येष्ठांसह धबधब्याच्या वाटेवर

डोंगरमाथ्यावर जाणारी वाट आणि दरीतल्या धबधब्याकडे जाणारी वाट यांत एक मूलभूत फरक आहे, आणि बेत आखताना तो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. माथ्याकडे जाताना सकाळच्या ताज्या दमाने चढायचे असते. थकवा आला, तर तेथूनच मागे फिरता येते आणि परतीची वाट उताराची असते. धबधब्याचा हिशेब बहुधा उलटा असतो. वाहन वर पठारावर किंवा घाटरस्त्याच्या कडेला थांबते आणि पाणी खाली दरीत कोसळत असते. जाताना बोलत, हसत, फारसा दम न लागता आपण उतरून जातो. चढण मात्र परतताना वाट्याला येते, तीही दुपारी, भिजलेल्या कपड्यांनी आणि थकलेल्या गुडघ्यांनी. वाट झेपणारी नव्हती हे कळते, तोवर मागे वळण्याची वेळ निघून गेलेली असते.

घरातील सत्तरी ओलांडलेल्या आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांना सोबत घेऊन वनातील धबधबा पाहण्याचा बेत आपण आखत असाल, तर या उलट्या हिशेबापासूनच आरंभ करावा. असे बेत सहसा दोन टोकांना जाऊन पोहोचतात. एक तर ज्येष्ठांना ‘तुम्ही गाडीतच बसा, आम्ही तासाभरात येतो’ असे सांगून मागे ठेवले जाते, किंवा ‘चला हो, काही होत नाही’ म्हणत हात धरून खाली नेले जाते. दोन्हींत त्यांना खरे कोणी विचारलेलेच नसते. दिवसाची आखणी त्यांच्या पावलांच्या मापाने केली, तर या दोहोंच्या मधली वाट निश्चित सापडते.

स्थळ निवडताना

सह्याद्रीत धबधब्यांची वाण नाही. आपल्या घरच्या माणसांना झेपेल असा निवडणे हेच खरे काम. आंबोलीचा मुख्य धबधबा घाटरस्त्याच्या कडेलाच आहे, तेथे चालणे जवळजवळ नाहीच. संगमेश्वर तालुक्यातील मार्लेश्वरला आधी पायऱ्या चढून गुहेतील महादेवाचे दर्शन घ्यायचे आणि समोर कोसळणारा धारेश्वर पाहायचा, म्हणजे तेथे चढण आधी येते. परंतु पायऱ्या शेकड्यांनी आहेत. महाबळेश्वर-पाचगणी रस्त्यावरील लिंगमळ्याला वेण्णेच्या खोऱ्यातील झाडीतून चालत जावे लागते. साताऱ्याहून वीस-पंचवीस किलोमीटरवर असलेल्या ठोसेघरला बांधीव वाट आणि दरीच्या या काठावरून पलीकडचा धबधबा दाखवणारी कठड्याची गॅलरी आहे. धबधब्याच्या पायथ्याशी जायचे नसते, समोरून पाहायचे असते.

ज्येष्ठांसोबतच्या पहिल्या बेतासाठी माझा कौल ठोसेघरसारख्या स्थळालाच राहील. समोरून दिसणारा धबधबा अर्ध्या वाटेवरूनही दिसतो, निदान ऐकू तरी येतो. ज्यांना पुढे जाववत नाही ते जेथे थांबतील तेथेही त्यांना काहीतरी लाभलेले असते. पायथ्याशी गेल्याशिवाय दिसतच नाही असा धबधबा निवडला, की मध्ये थांबणाऱ्याच्या पदरी नुसते थांबणे येते, आणि मग ‘माझ्यामुळे तुमचा बेत मोडायला नको’ म्हणून ती व्यक्ती दुखऱ्या पायाने पुढे चालत राहते. वृद्ध माणसे थकवा लपवतात. दुबळेपणा दिसू नये, हा त्यामागचा हेतू असतो असे नाही. मुलांचा एवढ्या हौसेने जमवलेला दिवस वाया जाऊ नये, एवढीच त्यांची इच्छा असते.

वेळ निवडायची ती पावसाचा जोर ओसरल्यानंतरची, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. आषाढ-श्रावणात पाणी भरपूर असले, तरी वाट निसरडी असते आणि धुक्यामुळे पुष्कळदा धबधबा दिसतच नाही, नुसता गर्जतो. वार मंगळवार-बुधवारसारखा घ्यावा. हवामान खात्याने त्या जिल्ह्यासाठी नारिंगी किंवा लाल इशारा दिला असेल, तर बेत पुढे ढकलावा, मग हॉटेलचे आगाऊ पैसे बुडाले तरी चालतील. वाट चालू आहे ना, याची आदल्या दिवशी स्थानिक माणसाकडे चौकशी करावी. अतिवृष्टीच्या काळात प्रशासन अशी स्थळे बंद ठेवते.

आणि ‘आलोच आहोत तर’ हे तीन शब्द प्रवासापुरते तरी विसरावेत. ठोसेघरला जाताना सज्जनगड वाटेवरच लागतो. समर्थांच्या समाधीचे दर्शन घ्यावे असे कोणत्याही मराठी घरातील वडीलधाऱ्यांना वाटणारच. परंतु गडावरही वाहनतळापासून पुढे पायऱ्या चढाव्या लागतात. शहराच्या दुसऱ्या अंगाला कासचे पठार आहे, तेथील फुलांचा बहर याच सुमारास असतो. तिन्ही एका दिवसात उरकणाऱ्यांचे सायंकाळचे चेहरे साताऱ्यातील कोणत्याही उपाहारगृहात पाहावेत! पुण्याहून सातारा सुमारे ११० किलोमीटर. शक्य असल्यास आदल्या सायंकाळी साताऱ्यास मुक्काम करावा आणि सकाळी साडेसातला निघावे. तीन तासांच्या प्रवासाने आखडलेले पाय घेऊन थेट पायऱ्यांना भिडू नये.

उतारावरचे गुडघे

उतरताना दम लागत नाही, म्हणून श्रम होत नाहीत असा समज आहे. चढताना हृदय आणि फुप्फुसे राबतात, त्यांची तक्रार धापेच्या रूपाने लगेच ऐकू येते. उतरताना राबतात ते मांडीच्या पुढच्या बाजूचे स्नायू. प्रत्येक पायरीवर शरीराचा भार सावकाश खाली सोडण्यासाठी ते ताणले जात असतानाच आवळून धरावे लागतात. एक प्रकारे लगामाचे काम करतात. हे श्रम मुके असतात. पंचवीस-तीस पायऱ्यांनंतर गुडघ्यात हलकी थरथर जाणवू लागते, पाय टेकताना थोडा धप्पकन पडतो. एवढीच काय ती सूचना. ती ओळखावी आणि तेथेच बसावे. वयपरत्वे हेच स्नायू आधी क्षीण होतात. गुडघ्याच्या सांध्यावरील भारही सपाटीपेक्षा उतारावर कितीतरी अधिक असतो.

म्हणून सराव उतारासकट हवा. निघण्याआधी चार ते सहा आठवडे हाताशी असावेत. दररोजच्या फिरण्यात हळूहळू वाढ करावी आणि हात न टेकता खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा व्यायाम दिवसातून दोनदा, झेपेल तितक्या वेळा करावा. बसतानाचा वेग उठतानाच्या वेगाहून कमी ठेवावा. मग जिन्याची तालीम. इमारतीचा एक मजला म्हणजे साधारण १८ ते २० पायऱ्या. धबधब्याच्या वाटेवर दोनशे पायऱ्या असतील, तर ते दहा मजले उतरणे आणि मग दहा मजले चढणे झाले. घरी तालीम करताना आधी लिफ्टने वर जाऊन तीन मजले उतरावे, थोडे थांबावे आणि मग चढून पाहावे. हा उलटा क्रम मुद्दाम सांगितला आहे, कारण त्या दिवशीचा क्रम हाच असणार. चढताना पूर्ण वाक्य बोलता येत असेल, तर वेग योग्य. दोन-दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर वेग अधिक. नाडी मोजण्यापेक्षा ही कसोटी बरी, कारण रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या काही गोळ्या नाडीची गती मुळातच मंद ठेवतात.

काठीला लाजू नये. एकच गुडघा दुखत असेल, तर काठी विरुद्ध बाजूच्या हातात धरावी. चढताना चांगला पाय आधी वर ठेवावा, उतरताना दुखरा पाय आधी खाली. सोबत्याने नेहमी खालच्या बाजूस राहावे, म्हणजे उतरताना ज्येष्ठांच्या पुढे एक पायरी खाली, चढताना त्यांच्या मागे. हाताला धरून ओढू नये. आपला दंड किंवा खांदा पुढे करावा आणि त्यांना धरू द्यावे. तोल केव्हा सावरायचा हे धरणाऱ्यालाच आधी कळते.

दूरचे आणि जवळचे एकाच भिंगातून दाखवणारा चष्मा उतरताना घात करतो. खाली पाहिले की नजर वाचनाच्या भागातून जाते आणि पायरीची कड अंधूक दिसते. फक्त दूरच्या नंबरचा जुना चष्मा घरात असेल आणि नंबर फारसा बदललेला नसेल, तर तो न्यावा. श्रवणयंत्र असणाऱ्यांची अडचण निराळी. धबधब्याजवळ गर्जना इतकी असते की ‘थांबा’ ही हाक ऐकू जात नाही, आणि तुषारांमुळे यंत्र काढून ठेवावे लागते. ‘थांबा’, ‘बसायचे आहे’, ‘मागे चला’ यांसाठी हाताच्या तीन खुणा घरीच ठरवाव्यात. नातवंडांना हे काम फार आवडते.

औषधे, पाणी आणि न बोलली जाणारी अडचण

डॉक्टरांना ‘फिरायला गेलो तर चालेल ना?’ असे विचारू नये. या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर मिळते. किती पायऱ्या, किती अंतर, परतताना चढण आहे आणि जवळचे रुग्णालय गाडीने किती वेळाच्या अंतरावर आहे, एवढे सांगून विचारावे. अलीकडे हृदयविकाराचा झटका वा शस्त्रक्रिया झालेली असेल, थोड्या श्रमानेही छातीत दाटून येत असेल, बसल्या जागी धाप लागत असेल किंवा गेल्या काही आठवड्यांत चक्कर येऊन पडणे झाले असेल, तर या वर्षी धबधबा नको.

मधुमेहींपैकी जे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेतात त्यांनी विशेष दक्ष राहावे. चालण्याने साखर उतरते आणि तो परिणाम चालणे थांबल्यावरही काही तास टिकतो. म्हणजे संकट पुष्कळदा परतीच्या गाडीत, सर्वांचा डोळा लागला असताना येते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे बोलणे, विनाकारण चिडचिड अशी लक्षणे दिसताच साखर तपासावी. ती ७० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल, किंवा यंत्र जवळ नसेल, तर तीन चमचे साखर वा ग्लुकोज पाण्यात कालवून द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि मग काहीतरी खायला द्यावे. शुद्ध हरपत असेल, तर तोंडात काहीही घालू नये, रुग्णालय गाठावे. हृदयाच्या काही गोळ्या थरथर आणि धडधड झाकून टाकतात, घाम तेवढा उरतो, हेही लक्षात असू द्यावे. श्रावणी सोमवार किंवा चतुर्थीच्या उपवासाच्या दिवशी असा बेत मुळीच ठेवू नये.

रक्त पातळ करण्याची औषधे घेणारी व्यक्ती घसरून पडली आणि डोक्याला मार लागला, तर ती बरी दिसत असली तरी त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. आत होणारा रक्तस्राव काही तासांनीही प्रकट होऊ शकतो. गुडघे दुखतील म्हणून आधीच वेदनाशामक गोळी घेण्याची सवय पुष्कळांना असते. रक्तदाब, मूत्रपिंड वा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये.

आता पाण्याविषयी. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते, म्हणून तहान लागेपर्यंत थांबू नये, घोट घोट पीत राहावे, असे आपण सर्वत्र वाचतो. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिलेले असेल, तर ते पाळावे, हेही वाचतो. परंतु घरातील आजी प्रवासात पाणी का पीत नाहीत याचे खरे कारण कोणी विचारत नाही. वाटेत स्वच्छतागृह मिळेल याची त्यांना खात्री नसते. सकाळपासून त्या अर्धा कप चहावर असतात आणि लघवीची गोळीही कोणाला न सांगता वगळतात. मग दुपारच्या चढणीवर चक्कर आली, की दोष वयाला दिला जातो! पुरुषांतही पुरःस्थ ग्रंथीचा त्रास असणारे हेच करतात, सांगत नाहीत इतकेच. म्हणून वाटेवरची स्वच्छतागृहे आखणीत आधी नोंदवावीत: मुक्कामाचे ठिकाण, महामार्गावरील बरे उपाहारगृह, पेट्रोलपंप, साताऱ्यातून बाहेर पडण्यापूर्वीचा शेवटचा थांबा. आणि हे त्यांना निघण्यापूर्वीच स्पष्ट सांगावे. गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. ती परस्पर वगळू नये. एवढ्याने पाणी पिणे आपोआप वाढते.

खाण्याची तयारी आपल्या घरांना शिकवावी लागत नाही. दशम्या, धपाटे, राजगिऱ्याचे लाडू, थोडे मीठ घातलेले ताक पुरते. सामान पाठीवरच्या पिशवीत असावे, हातात नको. हात कठड्यासाठी मोकळे हवेत, आणि हातातील पिशवीवर माकडांचा डोळा असतो.

पाण्याजवळ

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. पाणी वाढले, आणि काठ गाठण्याइतका अवधी उरला नाही. सह्याद्रीतील ओढ्यांचे हे स्वरूपच आहे. वर पठारावर पाऊस कोसळतो, काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही, आणि काही मिनिटांत लोंढा खाली येतो. आपल्या डोक्यावर तेव्हा निरभ्र आकाशही असू शकते. पाणी गढूळ होणे, काटक्या आणि पाचोळा वाहत येणे, आवाज घुमू लागणे यांपैकी काहीही जाणवले, तर त्याच क्षणी उंचावर जावे, वस्तू गोळा करत बसू नये. चपळ तरुणालाही जेथे अवधी मिळत नाही, तेथे काठी टेकत चालणाऱ्याला तो मिळणार नाही. म्हणून ज्येष्ठांसोबत असताना प्रवाहात उतरायचेच नाही, पाय भिजवायलासुद्धा नाही, हा नियम निघतानाच सर्वांना सांगून ठेवावा. हिरवट शेवाळलेल्या खडकावर कोणतेही बूट धरत नाहीत. धबधब्याच्या थेट खाली उभे राहू नये. पाण्याबरोबर दगडही येतात. कठड्यापलीकडे छायाचित्रासाठी जाणाऱ्या घरातल्या तरुणांना मात्र आजोबांनीच दटवावे. ते त्यांचेच ऐकतात.

परतीची वेळ घड्याळाने ठरवावी. साडेआठला पोहोचलात, सावकाश उतरलात, तर साडेदहाला परत फिरावे, धबधबा कितीही सुंदर दिसत असला तरी. चढणीला उतरणीच्या दुप्पट वेळ धरावा. दर दहा-पंधरा पायऱ्यांनी थांबावे आणि ‘दमलात का?’ असे न विचारता स्वतःच आधी बसावे. परतीच्या पावसाच्या दिवसांत दुपारनंतर ढग दाटतात आणि विजांसह सरी येतात. त्याआधी गाडीत असलेले बरे. ‘मी येथेच थांबते’ असे कोणी म्हणाले, तर त्यांच्याजवळ कोणी थांबायचे हे आधीच ठरलेले असावे, आणि ते काम दर वेळी सुनेच्याच गळ्यात पडू नये. विस्मरणाचा विकार असलेल्या व्यक्तीजवळ तर एक माणूस सतत हवा. गर्दी आणि गर्जना यांनी ती बावरते, म्हणून नाव आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेले कार्ड तिच्या खिशात ठेवावे.

खाली असताना छातीत दुखू लागले, घाम फुटला, धाप थांबेना, तर रुग्णास ‘हळूहळू वर जाऊ’ म्हणत चालवू नये. येथे चढणीचा हिशेब सर्वांत महाग पडतो. बसवावे, डॉक्टरांनी जिभेखाली ठेवण्याची गोळी दिलेली असेल, तर ती बसलेल्या स्थितीतच द्यावी, कारण तिने रक्तदाब उतरतो. १०८ किंवा ११२ क्रमांकावर कळवावे आणि वर न्यायचे ते उचलूनच. दरीत भ्रमणध्वनीला संपर्क मिळेलच असे नाही. संपर्क शेवटचा कोठे होता ते उतरताना पाहून ठेवावे, म्हणजे धावत जाणाऱ्याला कोठवर जायचे ते ठाऊक असते. औषधांची यादी एका कागदावर, प्लास्टिकच्या पिशवीत, ज्येष्ठांच्याच खिशात असावी. गाडीत ठेवलेली यादी अशा वेळी हाती येत नाही.

घरी आल्यावर

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतील, जिना उतरताना अधिक. तो त्या मुक्या श्रमांचा परिणाम आहे. हलके चालणे आणि कोमट शेक यांनी तो ओसरतो. एकाच पायाची पोटरी सुजली वा तापली, किंवा छातीत दुखणे, धाप असे काही जाणवले, तर मात्र थांबू नये. मधुमेहींनी त्याच रात्री पायाचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या आरशात किंवा दुसऱ्याकडून तपासून घ्याव्यात; बधिर पायाला फोड जाणवत नाही, आणि त्याला शेक देऊ नये, भाजल्याचेही कळत नाही. जळू लागली असेल, तर ती जागा काही वेळ रक्ताळत राहते, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते. ती साबणाने धुऊन दाबून धरावी. रक्त पातळ करण्याची औषधे चालू असतील आणि स्राव थांबत नसेल, तर दवाखान्यात जावे. आणि पुढील महिनाभरात ताप आला, अंग, विशेषतः पोटऱ्या दुखू लागल्या, तर चिखलातून, साचलेल्या पाण्यातून चाललो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायावरच्या लहानशा चिरेतूनही शिरतात, आणि ही एक माहिती मिळाली, तर निदान लवकर होते.